बांबूच्या छोट्या वस्तूंचा धंदा: आधी सुकवणं, मग मिनिटं मोजणं

माझी पहिली मोठी ऑर्डर ६० पेनस्टँडची होती. एका कार्यालयाला भेट म्हणून वाटायचे होते. वेळेत दिले, पैसे वेळेत आले, आणि मला वाटलं आता गाडी रुळावर आली. सात आठवड्यांनी फोन आला. स्टँडच्या बुडाशी पिवळसर पीठ पडतंय, रोज पुसलं तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा पडलेलं असतं. मी जाऊन एक उचलला. भिंतीला टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं होती, आणि टेबलावर आपटला तेव्हा मैद्यासारखी भुकटी सांडली. ६० पैकी ४१ परत आणले, सगळ्यांचे पैसे परत केले. कापणं, घासणं, पॉलिश, कशातच खोट नव्हती. खोट होती ती बांबू माझ्याकडे आला त्या आठवड्यातच मी तो कापायला घेतला, यात.

त्यानंतर ११ वर्षं मी हाच धंदा करते आहे आणि त्यावर घर चालतं. शिकायला कोणी आलं की मी हातात करवत देण्याआधी पाण्याच्या टाकीपाशी नेते. छोट्या वस्तू करणं फार अवघड नाही. हात महिन्याभरात बसतो. नफा होतो की नाही हे दोन गोष्टींवर ठरतं: कापण्याआधी तुम्ही बांबूला किती दिवस दिलेत, आणि एकेका वस्तूला किती मिनिटं लागली हे लिहून ठेवलंत का. बाकीचं सगळं या दोन्हींच्या मागून येतं, म्हणून मीही तेच आधी सांगते.

बांबू निवडताना

बांबू हे झाड नाही, गवत आहे. कोंब जमिनीतून जेवढा जाड निघतो तेवढाच जाड तो शेवटपर्यंत राहतो, आणि काही महिन्यांतच पूर्ण उंची गाठतो. त्यामुळे पहिल्याच वर्षी तो दिसायला पूर्ण वाढलेला असतो, आणि नवखा माणूस इथेच फसतो. उंची झाली तरी भिंत कच्ची असते, आत पाणी भरपूर असतं. असा बांबू सुकताना आक्रसतो, सुरकुततो, चिरतो. भिंत घट्ट व्हायला तीन ते चार वर्षं लागतात. वस्तूंसाठी तोच घ्यायचा.

वय ओळखायला शिका, कारण विकणारा सांगेलच असं नाही. कोवळ्या बांबूवर गाठीखाली पांढरी पावडर असते, खोडाला कोंबाची वाळकी साल चिकटलेली असते आणि रंग तकतकीत हिरवा असतो. पिकलेल्याचा रंग मंद होतो, अंगावर दगडफुलासारखे करडे ठिपके येतात, आणि बोटाच्या पेराने ठोकला तर आवाज खणखणीत येतो. कच्चा असेल तर आवाज बसका येतो. मला शिकवणाऱ्या मावशी डोळे मिटून, नुसतं ठोकून बांबू वेगळे काढायच्या. मला ते जमायला दोन हंगाम लागले.

तोडणीची वेळही विचारा. नवे कोंब फुटण्याच्या आधी खोडात स्टार्च साठलेला असतो, आणि किड्याला हवा असतो तो हाच. कोंब फुटून गेल्यावर, पाऊस संपून थंडी लागते तेव्हा तोडलेला बांबू जास्त टिकतो.

जातींबद्दल थोडंच सांगते. भरीव किंवा जाड भिंतीचा बांबू, जसा मानवेल, हा किल्ल्यांची अडकवणं, हँडल, खुंट्या, कोरीवकाम यांना चांगला. पोकळ, रुंद तोंडाचा बांबू पेनस्टँड, फुलदाण्या, दिव्याच्या टोप्या यांना. लांब पेरांचा आणि सरळ धाग्यांचा विणकामाला. एकाच जातीपासून सगळं करायचा हट्ट धरू नका. सुरुवातीला मात्र एकच जात घ्या आणि तिचा स्वभाव नीट ओळखा.

पाणी, औषध आणि सावली

इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण माझे ४१ पेनस्टँड इथेच बुडाले.

बांबू पोखरणारा भुंगेरा अगदी लहान असतो, तीन-चार मिलिमीटरचा. मादी खोडात शिरून अंडी घालते आणि अळ्या आतला स्टार्च खात पुढे सरकतात. म्हणजे उपाय दोन. एक, त्याचं खाणं कमी करायचं. दुसरा, उरलेलं खाणं त्याला सोसणार नाही असं करायचं.

खाणं कमी करायला पाणी. ताजे बांबू मापाचे तुकडे करून टाकीत पूर्ण बुडवायचे. ते तरंगतात, म्हणून वर दगड ठेवायचे. जेवढा भाग पाण्यावर राहील तेवढा किडणार हे धरून चाला. मी तीन आठवडे ठेवते आणि दर चार-पाच दिवसांनी पाणी बदलते. पाण्याला वास येतो, टाकी घरापासून लांब ठेवा. भिजून झाल्यावर एका तुकड्याच्या ताज्या कापावर टिंक्चर आयोडिनचा थेंब टाकून बघा. स्टार्च शिल्लक असेल तिथे निळसर काळा डाग पडतो. मी भिजवण्याआधीचा आणि नंतरचा तुकडा शेजारी ठेवून दोन्हींवर थेंब टाकते. फरक डोळ्यांना दिसला की पुढे जाते, नाही दिसला तर आणखी आठवडा.

दुसरा उपाय बोरॅक्स आणि बोरिक ॲसिड. प्रमाण ३ भाग बोरॅक्सला २ भाग बोरिक ॲसिड. माझ्या पिंपात ९५ लिटर पाण्याला ३ किलो आणि २ किलो असं पडतं, म्हणजे ५ टक्क्यांचं द्रावण. कोमट पाण्यात लवकर विरघळतं. चिरलेल्या कामट्या तीन-चार दिवस पुरतात. अखंड नळ्या असतील तर दहा ते चौदा दिवस, आणि त्याआधी लांब सळईने गाठींमधले आतले पडदे भोसकून घ्यायचे, नाहीतर द्रावण पेरांच्या आत पोचतच नाही. बाहेरची साल तर जवळपास काहीच आत घेत नाही. हातमोजे घाला. वापरलेलं द्रावण झाडांच्या मुळाशी ओतू नका, त्यातलं बोरॉन जास्त झालं की झाडं जळतात. थोडं ताजं मिसळून तेच पुन्हा वापरता येतं.

दोन मर्यादा ग्राहकापासून लपवू नका. हे औषध पाण्यात धुऊन जातं, म्हणून पावसात किंवा ओल्यात राहणाऱ्या वस्तूंना त्याचा भरवसा नाही. आणि खाण्यापिण्याला लागणाऱ्या वस्तूला ते लावायचंच नाही. चमचे, ताटं, पेले करायचे असतील तर त्या बांबूचं खातं पूर्ण वेगळं ठेवा: वेगळी टाकी, साध्या पाण्यात उकळणं, खाद्यतेलाचा किंवा मेणाचा हात. माझ्याकडे तेवढी जागा नाही, म्हणून मी त्या वस्तू करत नाही. मागणी असते, तरी नाही.

आता सुकवणं. उन्हात नाही. उन्हात बाहेरची भिंत आतल्यापेक्षा आधी सुकते आणि नळी उभी तडकते. सावलीत, वारा खेळेल अशा जागी, जमिनीला न टेकता. अखंड नळ्यांना सहा ते आठ आठवडे, कामट्यांना दोन आठवडे. हवा दमट असेल तर जास्त. नळ्या अंतिम मापापेक्षा दोन-दोन सेंटीमीटर लांब कापून ठेवा, कारण तडा बहुतेक वेळा टोकापासून सुरू होतो आणि तेवढं टोक नंतर उडवता येतं.

सुकला हे कसं कळणार? ओलावा मोजायचं यंत्र मिळतं. १२ टक्क्यांच्या आसपास आला की कापायला घ्या. यंत्र नसेल तर स्वयंपाकघरातला वजनकाटा पुरतो. प्रत्येक खेपेतल्या तीन नळ्यांवर खूण करून त्यांचं वजन दर दोन दिवसांनी वहीत लिहा. लागोपाठ तीन नोंदी सारख्या आल्या की सुकला. मी यंत्र घेतलं तरी काटा सोडलेला नाही. वहीतल्या उतरत्या आकड्यांवरून पुढच्या खेपेची तारीख सांगता येते, आणि ऑर्डर घेताना तीच तारीख उपयोगी पडते.

इतकं करूनही माझ्या साधारण सात नळ्यांतली एक तडकते. ती फेकायची नाही. तिच्या कामट्या करायच्या, त्यातून चहाच्या कपाखालच्या चकत्या, पुस्तकातल्या खुणा, कानातले होतात. माझा वाया जाणारा माल खऱ्या अर्थाने कमी झाला तो तडकलेल्या नळ्यांसाठी वेगळी टोपली ठेवल्यावर.

हत्यारं आणि हाताची रीत

सुरुवातीला यंत्रांवर पैसे घालू नका. बारीक दात्यांची करवत (लोखंड कापायची चालते, इंचाला २४ किंवा ३२ दात्यांचं पातं), सरळ पात्याचा चिरायचा सुरा, लाकडी हातोडा, खरवडायला एक बोथट पातं, हातड्रिल, दोन शिकंजे, १२०, २४० आणि ४०० नंबरचा काचकागद. बांबूच्या सालीत सिलिका असते, त्यामुळे धार लवकर जाते. धार लावायचा दगड हत्यारांच्या यादीत पहिला लिहा.

कापताना खुणेवर कागदी चिकटपट्टी गुंडाळा आणि पट्टीवरूनच कापा. नळी एका दमात आरपार कापायची नाही, थोडी कापून फिरवायची, पुन्हा थोडी कापून फिरवायची. शेवटचा धागा ओढला जाऊन कड फाटते ती अशाने वाचते. पेनस्टँडला गाठ बुडाशी राहील असं मोजा, म्हणजे आतला पडदाच बूड होतो आणि वेगळा तळ चिकटवावा लागत नाही. त्या नळीचा तो पडदा भोसकायचा नाही. औषध वरच्या तोंडातून भरता येतं. बांबूत खिळा थेट ठोकू नका. आधी बारीक भोक, मग मोठं, मग स्क्रू.

चिरताना सुरा नेहमी मधोमध राहत नाही, एका बाजूला जायला बघतो. ज्या बाजूचा भाग जाड उरतोय त्या बाजूला हाताने जास्त वाकवा, चीर परत मध्यावर येते. मावशींनी हे मला एकदाही बोलून सांगितलं नाही. माझ्या हातावर हात ठेवून वाकवलं, आणि ते कायमचं कळलं. धागे बाहेरच्या सालीकडे दाट आणि आत विरळ असतात. म्हणून विणायला बाहेरची पट्टी ठेवायची आणि आतला पांढरा गर काढून टाकायचा.

हिरवी मेणचट साल खरवडल्याशिवाय तिच्यावर रंग, गोंद, पॉलिश काही धरत नाही. साल ठेवायची असेल तर कशाचाही लेप देऊ नका, नुसतं तेलाचं बोट फिरवा. चिकटवायचं असेल तर आतली बाजू आतल्या बाजूला, लाकडाचा पांढरा गोंद, आणि रात्रभर शिकंजात. धातूची कडी बसवायला इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळून लावायचा पक्का गोंद.

तीन धोके मी प्रत्येकाला कामाच्या पहिल्या दिवशी सांगते. बंद पेर कधीही आगीवर धरू नका. आतली हवा फुगून ते फुटतं, आणि उडालेल्या चिपा डोळ्यांत जातात. वाकवायला किंवा काळपट रंग आणायला शेकायचं असेल तर आधी भोक पाडा. जवसाच्या तेलाचे फडके चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. आणि घासताना मास्क, दर वेळी. ती बारीक धूळ छातीत राहते.

नक्षी, जाळून काढलेली अक्षरं, रंगकाम यावर मी लिहीत नाही. ते पाहून शिकता येतं आणि प्रत्येकाचा हात वेगळा असतो. एवढंच सांगते की बांबूचं रूप गाठीत असतं. गाठ घासून सपाट केली की ती वस्तू कशाचीही वाटू लागते.

मिनिटं लिहा

धंद्याच्या पहिल्या वर्षी माझी सगळ्यात लाडकी वस्तू विणलेला ट्रे होता. लोक थांबून बघायचे. मला वाटायचं कमाई त्याच्यावर आहे. मग एक दिवस मोबाईलमधलं घड्याळ लावून बसले. ट्रेला २०० मिनिटं लागली. पेनस्टँडला ३६. ती ३६ अशी होती: कापणं ३, आतून साफ करणं ४, साल खरवडणं ६, काचकागद ९, कड गोल करणं ३, तेलाचे दोन हात ५, बुडावर नाव २, गुंडाळणं ४.

आकडा समोर आला आणि डोळे उघडले. काचकागदाला ९ मिनिटं का? कारण एकेक नळी हातात धरून घासत होते. ड्रिलला काचकागदाचा गोल बसवला, नळी ठेवायला लाकडाची खाच केली, आणि एका दमात २४ नग करायला लागले: आधी सगळे कापायचे, मग सगळे खरवडायचे. तीन महिन्यांनी तोच पेनस्टँड १७ मिनिटांवर आला. दर्जा कमी झाला नाही, उलट सगळ्यांची कड सारखी येऊ लागली.

आता ट्रेशी तुलना करा. २०० मिनिटांत ११ पेनस्टँड होतात. आणि ट्रे मी विकत होते पेनस्टँडच्या फक्त चौपट किमतीला. म्हणजे तेवढ्याच वेळात जिथे ११ वस्तूंचे पैसे मिळाले असते तिथे मी ४ वस्तूंचे घेत होते. ट्रे मी बंद केला नाही. किंमत वाढवली, वर्षाला थोडेच करते, आणि ज्याला विणकामाची कदर आहे तोच घेतो. पण घर पेनस्टँडवर, किल्ल्यांच्या अडकवण्यांवर आणि चकत्यांवर चालतं.

किंमत कशी काढायची ते सांगते. आधी ठरवा की तुमच्या एका तासाला किती मिळायला हवं. तुमच्या भागात चांगल्या कारागिराला जे मिळतं त्यापेक्षा कमी धरू नका. स्वतःला स्वस्त धरलंत तर उद्या मदतनीस ठेवायची वेळ येईल तेव्हा त्याचा पगार कुठून देणार? त्या तासाच्या दरावरून मिनिटाचा दर काढा. मग: साहित्य (बांबू, औषध, काचकागद, तेल, गोंद, खोका), त्यात तडकून वाया जाणाऱ्यासाठी सहावा हिस्सा वाढवा (सात नळ्यांचा खर्च सहांवर पडतो), अधिक मिनिटं गुणिले दर.

इथे बहुतेक जण थांबतात आणि इथेच तोटा होतो. कारण टाकी भरणं, नळ्या उलटसुलट करणं, फोटो काढणं, ग्राहकाच्या निरोपांना उत्तरं देणं, पार्सल टाकायला जाणं, हा वेळ कुठल्याच वस्तूच्या खात्यात लिहिला जात नाही. मी एक महिना सगळं लिहिलं तेव्हा माझ्या कामाच्या वेळेचा तिसरा हिस्सा यात जात होता. म्हणजे दोन तास हाताने काम केलं की एक तास असा जातो. म्हणून वस्तूच्या मिनिटांना सरळ दीडने गुणते. १७ मिनिटांचा पेनस्टँड माझ्या हिशेबात २५ मिनिटांचा आहे, थोडा वरच.

एवढं झालं की तो तुमचा खर्च. नफा अजून आलेलाच नाही. त्यावर थोडा नफा ठेवून दुकानदाराला देण्याची घाऊक किंमत ठरवा, आणि गिऱ्हाइकाला थेट विकताना साधारण तिच्या दुप्पट. पुष्कळांना ही दुप्पट जास्त वाटते आणि ते थेट विकताना घाऊक भावातच देतात. तसं करू नका. तुम्ही स्वतः विकता तेव्हा दुकानदाराचं काम तुम्ही करत असता: उभं राहणं, समजावणं, जागेचं भाडं, सुट्टे पैसे, न विकलेला माल परत आणणं. शिवाय ज्या दुकानाला तुम्ही माल देता त्याच्यापेक्षा स्वस्त तुम्हीच विकलात तर ते दुकान दुसऱ्यांदा माल घेणार नाही. आणि हिशेबाने निघालेली किंमत बाजारात चालत नसेल तर आधी मिनिटं कमी करायचा रस्ता शोधा. ती होत नसतील तर ती वस्तू सोडा. मजुरी कापून वस्तू टिकवली की काही महिन्यांत माणूसच थकतो; मी असे दोन चांगले हात या कामातून गेलेले पाहिले आहेत.

काय करायचं, काय नाही

सुरुवातीला तीनच वस्तू. एक अशी की कोणीही फार विचार न करता घेईल, जसं किल्लीचं अडकवण. एक भेट द्यायला योग्य, जसं पेनस्टँड किंवा छोटी फुलदाणी. आणि एक तुमचा हात दाखवणारी. वीस प्रकार मांडले की टेबल भरलेलं दिसतं, पण प्रत्येक प्रकाराचा हात, साचा आणि फोटो वेगळा, आणि २४ चा घाणा कशाचाच होत नाही.

फुलदाणीत काचेची नळी बसवा, पाणी बांबूला लागता कामा नये. मेणबत्तीच्या स्टँडला धातूची वाटी हवीच. अगदी लहान मुलांच्या तोंडात जाईल असं काही करू नका. बांबूची बारीक चीप काचेसारखी घुसते. न्हाणीघरातल्या वस्तू मी दोन वर्षं करून सोडल्या. कितीही लेप दिला तरी गाठीत काळी बुरशी धरतेच, आणि तक्रार तुमच्याकडे येते.

विकणं

फोटोत हात दाखवा. नुसता पेनस्टँड पाहून तो केवढा आहे हे कळत नाही. हातात धरलेला पाहिला की कळतं. खिडकीच्या उजेडात, समोरून एक, वरून तोंडाचा एक, आणि बुडाचा एक. बुडाचा फोटो लोक टाकत नाहीत. मी टाकायला लागल्यापासून “खाली काय आहे?” हा प्रश्न यायचा थांबला. माप नेहमी कमाल-किमान सांगा, “तोंड ६५ ते ७५ मिलिमीटर”, कारण दोन नळ्या सारख्या नसतात. हे आधी सांगितलं तर ग्राहकाला ते वैशिष्ट्य वाटतं, नंतर सांगितलं तर सबब वाटते.

प्रदर्शनात बसाल तेव्हा विक्रीची वही आणि दुसरी एक वही ठेवा: लोकांनी काय उचललं आणि परत ठेवलं. मी नुसत्या रेघा मारते. एका प्रदर्शनात मोबाईलचा स्टँड कितीतरी जणांनी उचलला, घेतला फक्त चौघांनी. दुसऱ्या दिवशी एकाला विचारलं तेव्हा म्हणाले, माझा फोन कव्हरसकट यात बसत नाही. खाच चार मिलिमीटर रुंद केली. पुढच्या प्रदर्शनात तो उरला नाही.

मोठी ऑर्डर आली की आनंदात हो म्हणू नका. आधी नमुना द्या, तो मान्य झाला की तसेच दोन ठेवा, एक त्यांच्याकडे, एक तुमच्याकडे, दोन्हींवर सही. वाद झाला तर बोलायला तो नमुना असतो. निम्मी रक्कम आगाऊ घ्या. आणि मुदत सांगताना आपल्या रॅकवर सुकलेला माल किती आहे ते बघा. सुकलेला नसेल तर तीन आठवडे पाण्याचे, पुढे औषधाचे आणि दोन महिने सावलीचे, हे कोणत्याही घाईने कमी होत नाहीत. म्हणून हातात पैसे आले की मी यंत्र घेत नाही, बांबू घेऊन मुरवून ठेवते. सुकलेला बांबू रॅकवर असणारा माणूसच कमी मुदतीची ऑर्डर घेऊ शकतो.

एक तारीख लक्षात ठेवा. १८ सप्टेंबर हा जागतिक बांबू दिन असतो. २००९ पासून तो पाळला जातो, आणि त्या सुमारास संस्था, शाळा, कंपन्या बांबूच्या भेटवस्तू शोधतात. त्या दिवसाचा माल आदल्या थंडीत तोडलेल्या बांबूचा असायला हवा.

दुकानात “विकलं तर पैसे” या बोलीवर माल ठेवायचा असेल तर थोडाच ठेवा, यादीवर सही घ्या, दर महिन्याला जाऊन मोजा आणि आधीच सांगा की ऊन येणाऱ्या काचेमागे मांडायचा नाही. “पर्यावरणपूरक” हा शब्दही जपून वापरा. तुम्ही प्लास्टिकचं पॉलिश मारलं असेल, इपॉक्सी लावलं असेल, तर ती वस्तू मातीत मिसळून जाईल असं लिहू नका. बांबूचं काय, लेपाचं काय, हे सरळ लिहिलं तरी माणसं घेतात. पॅकिंग कागदाचं करा, हवाबंद पिशवीचं नको. उरलासुरला ओलावा आत कोंडून बुरशी येते.

तयार माल मी लगेच पाठवत नाही. २१ दिवस पंख्याच्या हवेत, पांढऱ्या कागदावर उभा करून ठेवते. दमट हवेत केलेली वस्तू एसीच्या कोरड्या खोलीत गेली की तडकू शकते. ती तडकायची असेल तर माझ्या डोळ्यांसमोर तडकू दे. आणि किड असेल तर पांढऱ्या कागदावर पीठ आधी मला दिसतं.

प्रत्येक वस्तूच्या बुडाशी मी खेपेचा आकडा लिहिते, जाळून, दोन अक्षरांएवढा. वहीत त्या आकड्यासमोर असतं: बांबू कोणाकडून, कधी तोडला, किती दिवस पाण्यात, द्रावण किती टक्के, शेवटचं वजन. मागच्या वर्षी एक बाई पाच वर्षांपूर्वी घेतलेला पेनस्टँड घेऊन आल्या, कडेपासून बुडापर्यंत चीर गेलेली. आकडा पाहिला, वही काढली. ती खेप मी वजनाच्या दोनच सारख्या नोंदींवर कापायला घेतली होती, तिसरी घ्यायला थांबले नव्हते. मी नवा देऊ केला. त्यांना तोच हवा होता, म्हणून चिरेत गोंद भरला, वर-खाली तांब्याच्या तारेचे दोन वेढे दिले आणि जुन्या आकड्याशेजारी दुरुस्तीची तारीख जाळली. त्या खेपेतले आणखी नऊ जणांकडे गेले होते. त्यांचे नंबर वहीत होते, त्या संध्याकाळी मी एकेकाला फोन केला.